वर केलेला आरसा

तात्या कुणाचीही गाडी चालवायला बसले की आधी आतला आरसा वर करायचे. इतका वर, की त्यात फक्त छत दिसावं. मग बाहेरचे दोन आरसे हाताने पुसायचे, चपला काढून सीटखाली सरकवायचे, आणि मगच चावीला हात.

"तात्या, मागचं दिसणार कसं?" मी एकदा विचारलं.

"मागची गाडी भायेरच्या आरशात दिसते," तात्या म्हणाले. "आतल्या आरशात मानसं दिसतात. ती कशाला बगायची?"

सुदामतात्या म्हणजे माझे चुलत चुलते. पोलादपूर ते आमचं डोंगरातलं गाव या रस्त्यावर त्यांनी तीस वर्षं जीप चालवली. त्या रस्त्यावर सरळ असं काही नाही. एक वळण संपतं ते दुसऱ्यात. जीपमध्ये माणसं किती असायची ते विचारू नका, बाहेर लोंबणारी वेगळी. पण तात्यांच्या जीपमधली गोष्ट जीपमध्येच राहायची. "काल आमचा थोरला कुठं उतरला हो, तात्या?" असं कुणी विचारलं, की उत्तर ठरलेलं: "रस्त्यावर." फार खोदून विचारलं तर म्हणायचे, "गाडीला चाकं असतात, त्वांड नसतं."

गावाच्या अलीकडे अर्ध्या मैलावर एक आंबा होता. तिथे तात्या जीप थांबवायचे आणि मागे न बघता विचारायचे, "कोन उतरतंय का हितं?" रोज, प्रत्येक फेरीला. कुणी उतरणार नसलं तरी. मला वाटायचं, म्हाताऱ्याची खोड आहे. फार उशिरा कळलं, की रोज विचारल्यामुळे ज्याला गुपचूप मागच्या वाटेनं घरी जायचं असेल त्याला स्वतःहून 'थांबवा' म्हणावं लागायचं नाही. सासरहून न सांगता आलेली मुलगी, मुंबईची नोकरी गेलेला मुलगा, सगळे त्या आंब्याखाली उतरले.

गावात एक माणूस दर सोमवारी तात्यांच्या जीपने पोलादपूर गाठून पुढे महाडला जायचा आणि लाल डोळ्यांनी परत यायचा. पिऊन येतो, असं सगळा गाव म्हणायचा. तो वारला, त्याच्या तेराव्याला त्याच्या बायकोनेच सांगितलं, की तो दारू सोडायच्या औषधाला जात होता, आणि डॉक्टरांसमोर दर वेळी रडायचा. आम्ही सगळे तात्यांकडे बघायला लागलो.

"तुमाला ठाव व्हतं?"

"मी गाडी चालवत व्हतो," तात्या म्हणाले.

तात्यांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्यावर लिहायला मी कोण, हा प्रश्न घरात निघाला, आणि तो बरोबरच होता. म्हणून ज्यांचा यात खरा संबंध आहे त्या सिंधूवहिनींना मी आधी विचारलं. सिंधूवहिनी म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ हरीदादा यांच्या मंडळी. त्या म्हणाल्या, "लिवा भावजी. पन वरच्या त्या गावाचं नाव लिवू नका." तेव्हा ते नाव इथे येणार नाही. ज्या माणसाने ते एकदा सगळ्या खानदानाला मोठ्या पडद्यावर दाखवलं, त्याने निदान कागदावर तरी लपवावं.

आता माझ्याविषयी थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. महाडच्या बाजारपेठेत माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. वय पन्नाशीच्या पुढे. आमच्या घराण्यात मी गोष्टी सांगणारा म्हणून प्रसिद्ध आहे. लग्न, बारसं, गणपती, कुठेही चार माणसं बसली की "दत्ताभाऊ, काहीतरी सांगा" होतंच, आणि नाही झालं तर मी व्हायला लावतो. समोर माणसं हसायला लागली की माझ्या जिभेचे ब्रेक जातात. बायको, सुनंदा, मांडीला चिमटा काढते. मांडीवर डाग आहेत, जिभेला फरक नाही.

गुढीपाडव्याला मी नवी गाडी घेतली. हौस मोठी, पण मला ती मागे घेता येत नव्हती. पुढे जायचो, मागे यायची वेळ आली की उतरून शेजाऱ्याला हाक मारायचो. गाडीत मात्र पाटाएवढा पडदा होता, बोललेलं ऐकणारी एक बाई होती, आरशाजवळ मण्याएवढा कॅमेरा होता, आणि या सगळ्यांचं एक ॲप माझ्या फोनमध्ये होतं. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, कुठे किती वेळ उभी होती, सगळं फोनवर. शोरूममधल्या मुलीने "सर, इथे, इथे आणि इथे" म्हणून माझा अंगठा पडद्यावर टेकवून घेतला. मी तेव्हा दुसऱ्या हाताने पेढा खात होतो आणि फोटोसाठी मान वाकडी करून उभा होतो.

जीप विकून तात्या घरी बसले होते. मला चालक हवा होता, त्यांना गाडी. जमलं.

पहिल्याच दिवशी ते बसले, आरसा वर केला, चपला काढल्या आणि चावी शोधायला लागले. मी बटण दाखवलं. पडदा उजळला आणि बाईने इंग्रजीत स्वागत केलं. तात्या दचकले. मागे वळून बघितलं. मागे सुनंदा होती.

"ही कोन?"

"गाडीच बोलते, तात्या."

दिवसभर बाई बोलत राहिली. पट्टा लावा, डावीकडे वळा, वेग कमी करा. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी उतरताना म्हणाले, "दत्ता, उतारू गाडीत चढतो तसा उतरतो. ही बाय कंदी उतरतच नाय रे."

महिन्याने ॲपने आम्हाला गुण दिले. चांगलं कोण चालवतं त्याचे, शंभरपैकी. मला चौऱ्याण्णव. मी गाडी बाजारपेठेतून घरी आणि घरातून बाजारपेठेत अशी चालवायचो, सायकलवाले पुढे जायचे. तात्यांना एकेचाळीस. घाटात वळणावर ब्रेक लावला, गुण कापले. वळणाआधी हॉर्न वाजवला, कापले. धुक्यात दिवा लावून थांबून राहिले, त्याचेही कापले. मी हे त्यांना हसत हसत वाचून दाखवलं. तीस वर्षांत ज्यांच्या जीपला साधा ओरखडा नाही, त्या माणसाला मी नापासाच्या काठावर आणून बसवलं. तात्या हसले नाहीत, रागावलेही नाहीत. फक्त विचारलं, "हे कोनी बगितलं? मागं कोन व्हतं?"

"कुणी नाही. गाडीनेच."

दुसऱ्या दिवसापासून चपला काढल्या की ते खांद्यावरचा पंचा त्या पडद्यावर टाकायला लागले. बाईचा आवाज पंच्याखालून यायचा, घुंघट घेतल्यासारखा.

मग एक दिवस त्यांनी गाडी मागितली. "गुरवारी देशील? सकाळी नेतो, चारच्या आत आनतो. गुरवार सोडून गुरवार."

मी हो म्हणालो. गाडी उभी राहण्यापेक्षा फिरलेली बरी. ते जायला वळले, मग थांबले.

"दत्ता, एक इचारू? ही बाय कोनाला सांगते का रे? गाडी कुठं गेली, कोन बसलं?"

हा प्रश्न मी अजून रोज ऐकतो. तेव्हा फोन माझ्या खिशात होता. त्या फोनमध्ये आदल्या आठवड्याचा प्रत्येक थांबा होता. खरं सांगितलं असतं तर गंमत गेली असती, आणि खरं सांगायचं तर मला ते समजावून सांगायचा कंटाळाही आला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मी म्हणालो, "छे हो, तात्या! ती फक्त गाणी लावते."

"मग बरं हाय," तात्या म्हणाले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, जसा लोक तीस वर्षं त्यांच्यावर ठेवत आले होते.

त्या गुरुवारपासून माझं दुकान बायको चालवायला लागली म्हणायला हरकत नाही. लोक खताची गोणी खांद्यावर घेऊन उभे, आणि मी फोनवर निळा ठिपका बघतोय. ठिपका महाडहून निघायचा, पोलादपूरला यष्टी स्टँडाजवळ पाचेक मिनिटं थांबायचा, आणि मग आंबेनळी घाट चढायला लागायचा. वर, घाटमाथ्याच्या पलीकडे, एका गावात दोन तास उभा. मग परत. दरड कोसळून घाट बंद झाला ते गुरुवार सोडले तर एकही चुकला नाही. माथ्यावर कोण आहे तात्यांचं? बायको जाऊन बारा वर्षं झालेली. मी मनात गोष्ट रचायला घेतली. चांगली गोष्ट होती, खरंच सांगतो. एवढी चांगली, की ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना.

त्यात सुनंदाला गाडीत एक गोष्ट सापडली. आरशाजवळच्या त्या छोट्या कॅमेऱ्यावर कुणीतरी मरून रंगाची टिकली चिकटवली होती, बरोबर मध्यावर, कपाळावर लावतात तशी.

"ही माझी नाही," सुनंदा म्हणाली, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला घाईने तात्यांचं नाव घ्यावं लागलं. ती म्हणाली, "तुम्ही आता त्यांना विचारू नका. आणि कुणाला सांगूही नका." मी मान हलवली.

गणपतीत आम्ही गावी जातो. गणपती हरीदादाकडे, त्यांच्या नव्या स्लॅबच्या घरात. मुंबईची सगळी मंडळी आलेली, दुपारची जेवणं झालेली, पडवीत अंथरुणावर माणसं पसरलेली. मुंबईच्या एका पुतण्याने विचारलं, "काका, गाडी कनेक्टेड हाय ना? ट्रॅक होते?"

"होते म्हणजे? काय बघायचंय तुला?"

"टीव्हीवर टाका ना."

त्याने फोन टीव्हीला जोडून दिला. भिंतभर नकाशा आला. सावित्री नदी, हमरस्ता, घाट, आणि त्यावर आमच्या गाडीच्या लाल रेघा. मी उठून उभा राहिलो. हातात फुटपट्टीसारखी उदबत्तीची काडी घेतली. सुनंदाचा चिमटा आता पोचणार नव्हता.

"तर मंडळी, ही बघा आपल्या सुदामतात्यांची गुरुवारची सहल!"

हशा पिकला. तात्या बाहेर पायरीवर बसून झांजांच्या दोऱ्या घट्ट करत होते. आत बघितलं, पण टीव्हीकडे नाही.

"पोलादपूर. इथे पाच मिनिटं. कुणाला घेतात? मग घाट. मग हे गाव, इथे बघा, दोन तास. तात्या, कोण हो वरती?"

"म्हातारचळ लागला का काय!" कुणीतरी ओरडलं.

"हसू नका, पुरावा आहे," मी म्हणालो. "कॅमेऱ्याच्या डोळ्यावर टिकली! मरून रंगाची!"

लोक गडबडा लोळले. आयुष्यात मला एवढं हसू कधी मिळालं नव्हतं. त्या हसण्यातून हरीदादाचा आवाज आला, अगदी शांत.

"गुरवार सोडून गुरवार?"

"हो, दादा."

"नारळी पुनवेच्या आदल्या गुरवारीबी?"

मी फोनवर नोंदी खाली सरकवून शोधलं. अभिमानाने शोधलं. "हो, त्या दिवशीही. नऊ पन्नासला पोलादपूर."

हरीदादाने मान वळवली. दारात सिंधूवहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या कपाळावर मरून रंगाची टिकली होती. गुरुवार सोडून गुरुवार त्या पोलादपूरला वैद्याकडे जायच्या, गुडघ्याला तेल लावून घ्यायला. हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, मलाही. मी ते दोन गुरुवार कधी शेजारी ठेवून बघितले नव्हते. गोष्टी रचणारा माणूस मी, आणि समोरची गोष्ट दिसली नाही.

वहिनींनी ट्रे उंबऱ्यावरच ठेवला.

दादांची मुलगी शुभांगी चार वर्षांपूर्वी स्वतःच्या मनाने लग्न करून गेली होती. दादांनी तिचं नाव घरात घ्यायचं नाही असं सांगितलं होतं आणि त्या घरात ते खरंच कुणी घेत नव्हतं. ती कुठे आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आता सगळ्यांनाच ठाऊक झालं. भिंतीवर लिहिलेलं होतं, रेघेच्या टोकाला, नावासकट.

हरीदादा उठले, टीव्ही बंद केला. "झांजा आना आत," म्हणाले. ते वहिनींवर ओरडले नाहीत. त्यापेक्षा वाईट केलं: पुढच्या गुरुवारी स्वतः त्यांना वैद्याकडे घेऊन गेले, बाकावर शेजारी बसले, तेल लावून झाल्यावर स्वतः परत आणलं. दर खेपेला. वहिनींचा गुडघा सुधारला असेल. शुभांगीला तेव्हा सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण, आणि तात्यांनी वहिनींना शब्द दिला होता की कळा सुरू झाल्याचा निरोप आला, की कुठल्याही वेळी गाडी घेऊन येईन. हे मला सुनंदाने सांगितलं. तिला वहिनींनी सांगितलं होतं, मोरीत भांडी घासताना, रडत.

महाडला आल्यावर मी कंपनीला फोन लावला. एक मुलगी गोड आवाजात बोलली. मी म्हणालो, "तुम्ही माझ्या गाडीवर पाळत ठेवता, हे मला कुणी सांगितलं नाही."

"सर, तुम्ही संमती दिलेली आहे." तिने दिवस सांगितला, वेळ सांगितली, मिनिटासकट. मी पेढा खात होतो तीच वेळ.

मग मी एका रविवारी गाडीत बसून, चष्मा लावून, सगळं वाचलं. अंगठ्याने सरकवून सरकवून अंगठा दुखला. माहिती कुठे साठते, कुणाकुणाला देतात, आवाज कधी ऐकतात. एकेक बंद करत गेलो. प्रवासाची नोंद, बंद. ठिकाण, बंद. गुण, बंद. बाई, बंद. पडदा विचारत होता, नक्की का? मग फोनवरून एसी आधीच सुरू करता येणार नाही. महाडच्या उन्हात शिजून मरेन म्हटलं, बंद. जुना प्रवास पुसा म्हणून अर्ज पाठवला. उत्तर आलं, की तो 'धोरणानुसार' पुसला जाईल. म्हणजे कधी, ते धोरणालाच ठाऊक. आणि पडवीतल्या तीस माणसांच्या डोक्यातून पुसायचा अर्ज कुठे करायचा असतो?

तरी मनात एक समाधान होतं. ते घेऊन मी गावी तात्यांकडे गेलो. भातकापणी जवळ आली होती. तात्या अंगणात बसून विळ्याला धार लावत होते.

"तात्या, गाडीचं तोंड बंद केलं मी. कायमचं. हे बघा." मी फोन पुढे केला.

त्यांनी फोन घेतला नाही. धार अंगठ्यावर तपासली.

"मी गाडीला नव्हतं इचारलं रे, दत्ता. तुला इचारलं व्हतं."

त्यांनी विळा पुन्हा दगडावर घासायला घेतला.

"तात्या, हवी तेव्हा गाडी घेऊन जा. आता काही कळत नाही कुणाला. मी स्वतः सोडतो वर…"

"नको रे."

"चुकलं माझं."

"व्हय," तात्या म्हणाले. विळा खाली ठेवला. "चा घेनार का? दूद नाय, कोरा हाय."

तो कोरा चहा मी घेतला.

दिवाळीनंतर शुभांगीला मुलगी झाली. वहिनी तिथे नव्हत्या. निरोप आला तेव्हा दादा घरात होते आणि गाडी माझ्याकडे होती, पुसून, धुऊन, सगळी तोंडं बंद करून उभी.

पौषात एका सकाळी मी एकटाच पोलादपूरहून जात होतो. गाडी आता मीच चालवतो, मागेही घेता येते. यष्टी स्टँडापाशी गर्दी म्हणून वेग कमी केला, आणि महाबळेश्वरच्या गाडीच्या रांगेत तात्या दिसले. पंचा डोक्याला गुंडाळलेला, हातात स्टीलचा मोठा डबा, फडक्यात बांधलेला. डिंकाचे लाडू असणार. शेजारी सिंधूवहिनी, शाल घेऊन. दादांना सांगून निघाल्या होत्या, की भांडून, की दादांनीच डोळेझाक केली होती, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही.

तात्यांनी गाडी ओळखली. काच खाली करून हाक मारावी, 'बसा, सोडतो' म्हणावं, असं आलं मनात. हात बटणापर्यंत गेलाही. तेवढ्यात तात्यांनी डबा डाव्या हातात घेतला आणि उजवा हात खाली धरून दोनदा पुढे हलवला. घाटात मागच्या गाडीला द्यायची ती खूण: रस्ता मोकळा आहे, तू जा.

मी गेलो. पुढे गेल्यावर आतल्या आरशात ती दोघं दिसायला लागली. लहान होत होती, पण दिसत होती; यष्टी आली, तात्यांनी वहिनींना हात दिला.

मी हात वर नेला आणि आरसा वर केला. छत दिसेपर्यंत.